सोपो, सनद आणि सेलर अकाऊंट

ऑनलाइन बाजारपेठांची पत्रे फार गोड भाषेत येतात. ‘प्रिय विक्रेते, तुमचा अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून आम्ही काही बदल करत आहोत.’ गोव्यातल्या डिचोलीत लोकांची जीएसटीची विवरणपत्रे भरून देणे हा माझा धंदा, त्यामुळे ही पत्रे माझ्याकडे रोज येऊन पडतात. ‘अनुभव अधिक चांगला’ हे शब्द दिसले की खाली कुठेतरी शुल्क वाढलेले असते, नाहीतर एखादा कागद नव्याने मागितलेला असतो. शुल्काचे एक वेळ परवडले. कागद मागितला की आमच्याकडे पंचाईत होते.

माझी गिऱ्हाइके सगळी लहान माणसे. पूर्वी त्यांत ट्रकवाले जास्त असत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि डिचोली-साखळी-सत्तरीच्या पट्ट्यात दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांवर वेली चढल्या. घर चालवायला बायकांनी हातातली कला बाहेर काढली: सोलं, आगळ (कोकमाचा खारा रस), फणसाची साटं, तिरफळं, काजू, कुळथाचं पीठ. २०२० च्या टाळेबंदीत म्हापशाचा शुक्रवारचा बाजारही बसेना, तेव्हा कुणाच्या तरी कॉलेजात जाणाऱ्या मुलीने आईचा माल मोबाइलवर चढवला. एकीचे बघून दुसरीने. मग त्या सगळ्याजणी हातात मोबाइल धरून माझ्याकडे येऊ लागल्या, “भाऊ, हें कितें आयलां पळयात.”

जे आलेले असे ते बहुतेक वेळा जीएसटी क्रमांकाबद्दल असे. दुकानात बसून माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत नोंदणी लागत नाही. तोच माल ऑनलाइन बाजारपेठेतून विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी, असा कायदा होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सूट मिळाली. लहान विक्रेता फक्त आपल्या राज्यात विकत असेल तर त्याला नोंदणी नको, पॅनवर मिळणारा नावनोंदणी क्रमांक पुरे. या सुटीचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. सोलापूरच्या बाईने चादर पुण्याला पाठवली, नागपूरला पाठवली, तरी ती आपल्याच राज्यात. आमचे राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरांचे. माझ्या ऑफिसातून स्कूटरवर निघालो तर अर्ध्या तासात दोडामार्गला महाराष्ट्र लागतो. गिऱ्हाइकाचे म्हणाल तर गोव्यात आगळ ऑनलाइन मागवणार कोण? ज्याच्या परसात भिंडाचे, म्हणजे कोकमाचे, झाड नाही त्याच्या शेजाऱ्याच्या परसात असते. मागणी येते ती पुण्या-ठाण्याहून, बेळगाव-बंगळुरूहून. म्हणजे सूट आहे, पण आमच्या माणसाला ती वापरायची तर गिऱ्हाईक सोडावे लागेल. दोडामार्गला दिलेल्या बहिणीला बाजारपेठेमार्फत बाटली पाठवली तरी कायद्याच्या लेखी तो आंतरराज्य व्यापार.

तेव्हा नोंदणी आलीच, आणि नोंदणी म्हटली की व्यवसायाचा पत्ता आला.

मयेच्या एक वहिनी माझ्याकडे येतात. एप्रिल-मेमध्ये त्यांच्याशी कागदपत्रांचे बोलायची सोय नाही, कारण तेव्हा भिंडं पिकतात. पिकलेले फळ दोन अंगठ्यांनी उकलायचे, गर-बिया एका भांड्यात, साल दुसऱ्यात. गरात मीठ घालून रस सुटू द्यायचा. साली त्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, सुकल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, सोल काळेभोर होईपर्यंत. त्या दिवसांत त्यांची बोटे जांभळी आणि आंबटाने खरखरीत झालेली असतात. एकदा आधार पडताळणीच्या यंत्राने त्यांचा अंगठा नाकारला. “सोलं झाल्यावर येते,” म्हणाल्या आणि उठून गेल्या.

आल्या तेव्हा मी घराचा पुरावा मागितला. विजेचे बिल नवऱ्याच्या आजोबांच्या नावावर निघाले. ते वारले त्याला किती वर्षे झाली हे घरात कुणालाच नक्की सांगता येईना. हा काही एकाच घरातला प्रकार नाही. गोव्यात घराची वाटणी बहुधा वारसांच्या ‘इन्व्हेंटरी’तून, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या प्रक्रियेतून, होते, आणि इन्व्हेंटरीसाठी एक भाऊ मुंबईहून, एक मस्कतहून आणि एक शेजारच्या खोलीतून यायला हवा; शेजारच्या खोलीतला सगळ्यांत अवघड. त्यात हे मये. तिथली बरीचशी जमीन पोर्तुगीज काळात मयेच्या कोंदची, म्हणजे तिथल्या सरदाराची. १९६१ नंतर ती स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारच्या कस्टोडियनकडे गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांच्या पायाखालची माती कागदोपत्री त्यांची राहिली नाही. २०१४ मध्ये विधानसभेने त्यासाठी वेगळा कायदा केला, मग सनदा वाटायला सुरुवात झाली. इतर गावांत मुंडकारांची कथा थोडीफार अशीच. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर आजोबाने घर बांधले, १९७५ च्या कायद्यामुळे तिथून कुणी हाकलू शकत नाही, पण घर नावावर करायचे तर मामलेदाराच्या कचेरीत चपला झिजतात.

कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या काचेच्या इमारतीत एक ओळ लिहिली जाते, ‘व्यवसायाच्या पत्त्याचा पुरावा अद्ययावत करावा’, आणि मयेच्या एका स्वयंपाकघरात साठ वर्षांचा जमिनीचा प्रश्न उकरला जातो. लिहिणाऱ्याचा त्यात काही दुष्टावा नसतो. त्याच्या डोळ्यांसमोरचा विक्रेता भाड्याच्या गाळ्यात बसतो, त्याच्याकडे भाडेकरार असतो, त्याचे नाव सगळीकडे सारखे असते आणि त्याचे राज्य मोठे असते. आमची वहिनी त्या साच्यात बसत नाही. धोरण बदलले की तिला दर वेळी नव्याने त्या साच्यात कोंबायचे, हे माझे काम. त्याचे मला पैसे मिळतात, तेव्हा तक्रार करायचा हक्क खरे तर तिलाच.

शेवटी घरपट्टीची पावती, पंचायतीचा दाखला आणि कुटुंबातल्यांचे संमतीपत्र यांवर नोंदणी मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना लेखी बजावले, की यादीतल्या एका कागदावर भागत असेल तर जास्तीचे कागद मागू नका. तेव्हापासून सरकारी बाजूचे जरा बरे आहे. बाजारपेठांच्या पडताळणी विभागाला असे बजावणारे मंडळ कोणते, ते मला सापडलेले नाही.

पत्त्यानंतर नाव. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, आणि बँकेत नवऱ्याने घाईत लिहिलेले तिसरेच. आडनावांचे स्पेलिंग पोर्तुगीजांनी एक लावले, नंतरच्या मास्तरांनी दुसरे, त्यामुळे एकाच घरात ‘सी’चे कामत आणि ‘के’चे कामत नांदतात. हे माणसाला मिनिटभरात समजते. यंत्र ‘नाव जुळत नाही’ असा शेरा मारते, खाते थांबवते, खात्यातले पैसे थांबवते. दाद मागितली की उत्तरात तोच शेरा, फक्त सुरुवातीला ‘तुमच्या संयमाबद्दल आभारी आहोत’. एका गिऱ्हाइकाचे खाते असे ऐन मे महिन्यात थांबले. कुठल्या बाजारपेठेने थांबवले ते लिहीत नाही, सगळ्यांचीच रीत तशी आहे. माल तयार, पावसाळा तोंडावर, आणि बोलायला समोर माणूसच नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी बाजारपेठांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावला. ग्राहकाच्या तक्रारीची ४८ तासांत पोच, महिन्याभरात निवारण. चांगला नियम आहे, मीही ग्राहक म्हणून वापरलेला आहे. विक्रेत्याच्या तक्रारीला मात्र त्या नियमांत मुदत नाही.

कागदांचे रडगाणे पुरे. बांबूचे सांगतो, कारण त्यातली गंमत वेगळी आहे.

वाळपईकडचा एक कारागीर बांबूचे दिव्यांचे घुमट विणायचा. विणकाम इतके नाजूक की आत दिवा लावला की भिंतीवर जाळी पडे. एकेका घुमटाचे वजन फार तर चारशे ग्रॅम. पण पार्सलचे वजन दोन तऱ्हांनी मोजतात. काट्यावरचे एक, आणि खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागले की येते ते दुसरे. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. तीस बाय तीस बाय तीसचे खोके: सत्तावीस हजार भागिले पाच हजार, म्हणजे ५.४ किलो. चारशे ग्रॅम बांबू आणि पाच किलो हवा. लहान दुकानदारांसाठी पाठवणीचा दर सरसकट होता तोवर हे कुणाच्या ध्यानात आले नाही. दराची रचना बदलली आणि पहिल्याच महिन्याच्या हिशेबात घुमटाची विक्री तोट्यात निघाली. मी त्याला तो गुणाकार-भागाकार कागदावर करून दाखवला. तो बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला, मग म्हणाला, “म्हणजे चपटं केलं तर परवडेल.” आता तो भिंतीला लावायच्या सुपाच्या आकाराच्या चकत्या विणतो. विकल्या जातात. घुमट विणत नाही. कलेवर बाजाराचा परिणाम वगैरे चर्चासत्रांत ऐकले होते, पण बांबू कसा वाकवायचा हे ५,००० हा आकडा ठरवतो, हे तेव्हा प्रत्यक्ष बघितले.

एवढे वाचून कुणाला वाटेल की सगळेच बदल गळा दाबायला येतात. तसे नाही, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाजारपेठ विक्रेत्याच्या पैशांतून जो जीएसटीचा एक टक्का कापून सरकारला भरायची, तो १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला. आयकराचा एक टक्का १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्क्यावर आला. हे पैसे पुढे वळते होतात, पण लहान माणसाचे भांडवल तेवढे दिवस अडकून राहायचे ते सुटले. अॅमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या बऱ्याच मालावरचे कमिशन काढले, फ्लिपकार्टने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात १,००० रुपयांखालच्या मालावर तसेच केले. माल कुठल्या देशातला ते लिहिणे सक्तीचे झाले, हेही आमच्या काजूवाल्यांच्या पथ्यावर पडायला हवे. आफ्रिकेतून आलेल्या बिया भाजून ‘गोवा काजू’ म्हणून विकणाऱ्यांमुळेच तर २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवावे लागले.

फक्त प्रत्येक चांगल्या बदलाच्या मागून एक शेपटी येते. ३०० रुपयांखाली कमिशन नाही म्हटल्यावर काजूची अडीचशे ग्रॅमची पाकिटे दोनशेची झाली आणि किंमत २९९. पाकीट बदलले की वेष्टनावरचे निव्वळ वजन बदलले, कमाल किंमत बदलली, म्हणजे लेबले नव्याने छापणे आले. ती छापून होतात न होतात तोच २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे टप्पे बदलले. लोणची-मुरंबे बारावरून पाच टक्क्यांवर उतरले. ग्राहकाचा फायदा, विक्रेत्याचाही फायदा. पण ज्या घरात लेबले एका वेळी हजाराच्या गठ्ठ्याने छापून आणतात तिथे जुन्या गठ्ठ्याचे काय करायचे? मोठ्या कंपनीत त्यासाठी खाते असते. इथे मुलगी अभ्यास बाजूला ठेवून रात्री एकेका बाटलीवर नवी चिठ्ठी चिकटवते. आणि कमिशन गेले तरी पाठवणीचा खर्च व इतर ठरावीक शुल्के राहतातच, वर त्या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी. अडीचशे रुपयांच्या सोलांच्या पाकिटात शेवटी हातात काय उरते, ते वहिनींनी मला विचारले. मी सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

म्हापशाच्या बाजारात सोपो घेणारा येतो. जमिनीवर गोणपाट पसरून बसलेल्या बाईकडून जागेचे पैसे घेतो, चिठ्ठी फाडतो, पुढे जातो. सोपोवरून गोव्यात भांडणे काही कमी होत नाहीत, आणि सोपो घेणारा कुणी साधुसंत नव्हे. पण त्याला तोंड आहे. “अजून बोहनी नाही झाली, परतताना ये” असे त्याला म्हणता येते, आणि तो परतताना येतो. पाऊस आला, माल भिजला, तर निदान मान हलवतो. शेजारी बसलेल्या चारजणी मिळून त्याच्याशी कचाकचा भांडू शकतात, आणि पुढच्या शुक्रवारी त्याला ते आठवते. ऑनलाइन बाजारात बसलेल्या चारजणी एकमेकींना ओळखतही नाहीत. एकीचे खाते बंद झाले तर दुसरीला तिच्या मालाला वरची जागा मिळते, एवढेच कळते.

भांडायचा प्रयत्न कुणी केलाच नाही असे नाही. हाताने केलेल्या वस्तूंची अमेरिकन बाजारपेठ एट्सी. तिने २०१८ मध्ये विक्रीवरचे शुल्क साडेतीनवरून पाच टक्के केले आणि एप्रिल २०२२ मध्ये पाचाचे साडेसहा. त्या एप्रिलमध्ये जगभरच्या हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवली. शुल्क साडेसहाच राहिले. हरमलची एक मुलगी तिथे क्रोशाचे विणकाम विकते. बाळांच्या टोप्या, तोरणे, टेबलावरचे रुमाल. गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकेतले. तिने किमती थोड्या वाढवल्या आणि साडेसहा टक्के पचवले.

२०२५ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तिला पचवता आली नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर जकात नसे. त्या सवलतीतून चिनी स्वस्त मालाचा लोंढा येतो म्हणून ती आधी चीनपुरती काढली, आणि २९ ऑगस्टपासून सगळ्या जगासाठी. जकात कुणी आणि कशी गोळा करायची याचा घोळ मिटेना, म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्ट, सोमवारपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. बुधवारी २७ ला चवथ, आणि नेमक्या त्याच दिवसापासून भारतीय मालावर अमेरिकेत ५० टक्के आयातशुल्क. घरात गणपतीवर माटोळी बांधायची घाई, नेवऱ्यांचा घाणा, पाहुण्यांची वर्दळ, आणि ही पोर कोपऱ्यात बसून ओहायो नि टेक्सासच्या बायकांना एकेक निरोप लिहीत होती, की तुमच्या बाळाची टोपी विणून तयार आहे, पण ती तुमच्यापर्यंत कशी पोचवू ते मला माहीत नाही. कुणा चिनी गोदामावर नेम धरलेला दगड हरमलच्या ओसरीवर येऊन पडला होता. टपालाची पार्सले १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, जकात इथेच आगाऊ भरायच्या सोयीसह. तोवर बाळांची डोकी मोठी झाली. आता ती आश्वे-मांद्र्याच्या दुकानांत माल ठेवते. दुकानदार भाव पाडून मागतो, पण तो तिला ओळखतो आणि पैसे शनिवारी देतो.

मयेच्या वहिनी पावसाळ्याच्या तोंडावर आल्या त्या ठरवूनच आल्या होत्या. “भाऊ, खातं बंद करूया. पुण्याची माणसं मला व्हॉट्सअॅपवर विचारतात. त्यांना कुरियर करते, ही कटकटच नको.” मला त्यांना सांगावे लागले, की बाजारपेठ सोडली म्हणून जीएसटी सुटत नाही. बाजारपेठ असो वा नसो, दुसऱ्या राज्यात असा माल पाठवायचा म्हटले की नोंदणी हवीच, उलाढाल कितीही लहान असली तरी. आणि नोंदणी राहिली की काहीच विकले नाही त्या काळाचेही विवरणपत्र आले, चुकले की दिवसाला २० रुपये. दोडामार्गची बहीण पुन्हा आमच्या मध्ये आली.

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पण पुण्याची माणसं दर डिसेंबरात गोव्याला येतातच ना? मये तळं बघायला तर बसच्या बस येतात. इथेच येऊन घेऊन जाऊ देत.”

मी कायद्याचे पुस्तक उघडून बघितले. अशा गिऱ्हाइकाने समोर येऊन हातोहात घेतलेला माल, आणि बिलावर त्याचा परराज्यातला पत्ता लिहिलेला नसेल, तर विक्री गोव्यातलीच धरतात. बाईंचे म्हणणे तंतोतंत बरोबर होते. बिलावर गिऱ्हाइकाचा पत्ता तेवढा घालू नका, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि लगेच विचारले, तळ्यापाशी टेबल मांडले तर सोपो पंचायत घेईल की पर्यटनवाले?